मक्याच्या माहेरी तीन दिवस

वाचकहो, आपल्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची लेक अमेरिकेत आहे. त्यांच्याकडे जाणे झाले, तर शेजारच्या मेक्सिको शहरासाठी तीन दिवस राखून ठेवा. मेक्सिको म्हणजे आपल्या मक्याचे माहेर. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की वेगळा लागत नाही. तरी निघण्यापूर्वी खात्री करावी.

शहर सुमारे २२४० मीटर उंचीवर, तेव्हा दम लागतो. पहिल्या दिवशी धावपळ नको. जुन्या चौकाजवळच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रे बघा. एका चित्रात पाव मोडून वाटणारा माणूस दिसेल. ते आपल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे! स्वातंत्र्यासाठी परागंदा झालेल्या या क्रांतिकारकाने तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवले, मक्याच्या वाणांवर काम केले.

दुसरा दिवस मानववंश संग्रहालयाला द्या. सोमवारी ते बंद असते. तिसऱ्या दिवशी सोचिमिल्कोला होडीतून फिरा. तळ्यातला गाळ उपसून रचलेल्या वाफ्यांवर तिथे शेकडो वर्षे शेती होत आली आहे.

आपल्याकडे किती घरांत खानखोज्यांचे नाव ठाऊक आहे? परत आल्यावर नातवंडांना त्यांची गोष्ट जरूर सांगा.