कान गेले म्हणून माणूस जात नाही

गिरणीच्या साचेखात्यात कान गमावलेल्या डोंबिवलीच्या एका आजोबांशी घरात कोणी बोलेनासे झाले. श्रवणयंत्राची किंमत ऐकून मुलगाही गप्प बसला. बंधू-भगिनींनो, व्याजाने पैसे काढण्याआधी एवढे करा. शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढा. तो 40 टक्के वा अधिक असून मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेत यंत्र मोफत मिळते. 30,000 पर्यंत निम्म्या किमतीत. दादरला गाडी बदलून वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3,000 रुपयांची तरतूद आहे. आजोबांचा अर्ज आम्ही भरला. यंत्र येईपर्यंत घरच्यांनी समोर बसून सावकाश बोलावे. त्याला दाखला लागत नाही.