कळ कुणाची, साक्ष कुणाची?

अमेरिकेतील प्रसूतिशास्त्राच्या लिखाणात वर्षानुवर्षे एक वाक्य रूढ होते आणि ते अजून पुरते हद्दपार झालेले नाही. गरोदरपणातील जोखमीचे घटक सांगताना उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, वाढलेले वय अशी यादी होते, आणि त्याच रांगेत, तितक्याच निर्विकारपणे, ‘वंश’ हा शब्द येऊन बसतो. आकडे पाहता त्यात वावगे काय, असे कुणालाही वाटावे. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे श्वेतवर्णीय मातांच्या मृत्यूचे प्रमाण १४.५ होते, कृष्णवर्णीय मातांचे ५०.३. त्याआधीच्या वर्षी, २०२२ मध्ये, हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळे श्वेतवर्णीयांत ४.५, तर कृष्णवर्णीयांत १०.९ होती. आरोग्यावर माणशी जगात सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशातले हे आकडे आहेत.

आम्ही साहित्याचे वाचक. वाक्य समोर आले की त्याचा कर्ता कोण, हे विचारण्याची आम्हांला सवय असते. ‘वंशामुळे मृत्यू’ अशी मांडणी केली की मरणाऱ्या बाईची त्वचाच तिच्या मृत्यूची कर्ती ठरते. ज्यांनी काही केले, किंवा ज्यांच्याकडून काही करायचे राहून गेले, ते सारे वाक्याबाहेर उभे राहतात. हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असले तरी वस्तुस्थितीच्या दृष्टीने खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्याचे मूळ एका जुन्या सवयीत आहे, असेही आम्हांस वाटते. ती सवय म्हणजे काळ्या बाईने स्वतःच्या देहाविषयी दिलेली साक्ष, दुसऱ्या कुणीतरी शिक्का मारल्याशिवाय, ग्राह्य न धरण्याची.

आधी खोटेपणाविषयी. पहिला बचाव गरिबीचा असतो: काळ्या स्त्रिया गरीब असतात, कमी शिकलेल्या असतात, म्हणून हे घडते. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईवडील दोघेही महाविद्यालयीन पदवीधर असलेलीच बाळे घेतली होती. तरीही अर्भकमृत्यूचे प्रमाण कृष्णवर्णीयांत हजारी १०.२ आणि श्वेतवर्णीयांत ५.४ निघाले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गरिबी मारतेच, यात शंका नाही. परंतु पदवी हाती आल्यावर गोऱ्या आईला जे संरक्षण मिळते, ते काळ्या आईला मिळत नाही.

दुसरा बचाव रक्ताचा: काहीतरी आनुवंशिक असणार. १९९७ साली रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मांच्या नोंदी तपासल्या. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन ३,४४६ ग्रॅम होते. अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या स्त्रियांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या स्त्रियांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम. दोष रक्तात असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांची बाळे सर्वांत हलकी भरायला हवी होती. ती गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ गेली. पुढे २००२ साली याच अभ्यासकांना असे दिसले, की आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुली आया झाल्या तेव्हा हा लाभ उरला नाही. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलतो तो सभोवतालचा समाज आणि त्यात काढलेले बालपण.

त्या सभोवतालचे देहावर काय होते, यासाठी अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ साली एक उपपत्ती मांडली. ऊन, वारा, पाऊस खाऊन लाकूड जसे विटते, तसा सततच्या अवहेलनेचा आणि तिला तोंड देण्याच्या श्रमाचा मारा खाऊन देह अकाली झिजतो, असे त्यांचे प्रतिपादन. गोऱ्या स्त्रियांच्या बाबतीत विशीतली वर्षे बाळंतपणाला अधिक सुरक्षित ठरतात. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्याच वर्षांत धोका वाढू लागलेला दिसतो, हे त्यांचे निरीक्षण होते. मराठीत यासाठी ‘झीज’ हा साधा शब्द पुरेसा आहे, आणि त्याचा एक गुण असा, की तो ऐकताच ‘कशाने झिजली?’ हा प्रश्न आपोआप येतो. ‘वंश’ हा शब्द तो प्रश्न येऊच देत नाही.

आता त्या जुन्या सवयीविषयी. १८४५ या वर्षात दोन गोष्टी घडल्या. फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. गुलामीतून निसटलेल्या त्या माणसाच्या स्वतःच्या कहाणीला विल्यम लॉइड गॅरिसन या गोऱ्या संपादकाची प्रस्तावना जोडावी लागली. हे याने स्वतःच लिहिले आहे आणि ते खरे आहे, अशी हमी कुणा गोऱ्याने दिल्याशिवाय वाचक विश्वास ठेवणार नव्हता. त्याच वर्षी अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग आरंभले. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी सतत झिरपत राहते, त्या व्याधीवर त्याला उपाय शोधायचा होता. प्रयोग १८४९ पर्यंत चालले. १८४६ मध्ये इथरची भूल जगजाहीर झाली, तरी या स्त्रियांना ती मिळाली नाही. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तिघींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. आणि ही नावे ठाऊक आहेत ती सिम्सच्याच आत्मचरित्रातून. त्या बायकांच्या कळा त्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येतात. त्यांचा स्वतःचा एकही शब्द उरलेला नाही. सिम्सला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवले गेले आणि न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. तो २०१८ च्या एप्रिलमध्ये हटवला गेला. २०२१ साली माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या कलावतीने त्या तिघींचे स्मारक उभारले.

स्त्रीने लिहिले तेव्हा काय झाले, हे हॅरिएट जेकब्ज यांच्या पुस्तकाच्या इतिहासात दिसते. गुलाम मुलीच्या आयुष्यातील मालकाच्या लैंगिक छळाविषयी आणि आईपणाविषयी त्यांनी १८६१ मध्ये टोपणनावाने लिहिले. लिडिया मारिया चाइल्ड यांनी ते संपादून प्रस्तावना जोडली. एवढे करूनही पुढे कित्येक अभ्यासक ते पुस्तक कल्पित मानत राहिले. काहींनी तर ते चाइल्ड यांनीच लिहिले असे धरले. जीन फॅगन येलिन यांनी पत्रे आणि कागदपत्रे धुंडाळून, १९८७ च्या आवृत्तीत, जेकब्ज यांचे कर्तृत्व निर्विवाद केले. एका बाईची साक्ष ग्राह्य ठरायला सव्वाशे वर्षे लागली. दरम्यान, १९६१ साली मिसिसिपीतील फॅनी लू हेमर गर्भाशयातील गाठ काढून घ्यायला रुग्णालयात गेल्या, आणि त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशयच काढले गेले. पुढे त्या नागरी हक्कांच्या चळवळीतील मोठ्या वक्त्या झाल्या, म्हणून ही हकिकत आपल्याला कळली.

हे सारे इतिहासजमा झाले, असे म्हणता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधाने दिली: काळ्यांची त्वचा जाड असते, त्यांच्या मज्जातंतूंची टोके कमी संवेदनशील असतात, वगैरे. निम्म्या जणांनी असले निदान एक तरी खोटे विधान कमीअधिक खरे मानले. आणि ज्यांनी मानले, त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी आखली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांची प्रसूती झाली. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास त्यांना पूर्वी होऊन गेला होता, त्यामुळे लक्षणे त्या ओळखत होत्या. कोणती तपासणी करा आणि कोणते औषध द्या, हे त्यांनी स्वतः सांगितले. तरी वेदनाशामकांमुळे त्यांचा गोंधळ होत असावा, असे प्रथम वाटून घेतले गेले. त्यांनी हट्ट धरला, तपासणी झाली आणि गुठळ्या सापडल्या. त्या वाचल्या. जगज्जेतेपदाचा शिक्का असूनही त्यांना हट्ट धरावा लागला. मग शिक्का नसलेल्या बाईने काय करावे?

यावर सरकारी उत्तर २०२० साली आले: ‘तिचे ऐका’ अशा आशयाची एक मोहीम. मोहीम चांगली आहे, पण एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ऐकणे ही सद्गुणाची गोष्ट करून ठेवली, की बाईचा जीव ऐकणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर टांगला जातो. गॅरिसन भला माणूस होता. प्रश्न असा आहे, की डग्लसला गॅरिसनची गरज का पडावी? म्हणून आम्हांला कॅलिफोर्नियाचे उदाहरण अधिक बोलके वाटते. तेथील रुग्णालयांनी एकत्र येऊन काही साधे नियम ठरवले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव नजरेने अजमावायचा नाही, कारण नजर कमी अजमावते. रक्ताने भिजलेले कापड वजनकाट्यावर तोलायचे, आणि अमुक इतके रक्त गेले की अमुक पाऊल उचलायचेच. २००६ ते २०१३ या काळात त्या राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. रक्तस्रावापुरती काळ्या-गोऱ्यांतील तफावतही कमी झाल्याचे २०२० च्या एका अभ्यासाने दाखवले. काट्याला रंग दिसत नाही.

अर्थात काट्यालाही देव मानू नये. बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण सांगणारे यंत्र करोनाच्या काळात घरोघरी आले. ते काळ्या त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवू शकते, हे २०२० मध्येच ठळकपणे पुढे आले. पहिल्या खेपेला सिझेरियन झालेल्या स्त्रीची पुढची प्रसूती नैसर्गिक होण्याची शक्यता सांगणारे एक गणित २००७ पासून अमेरिकेत वापरात होते. त्यात ‘आफ्रिकन-अमेरिकन’ असा पर्याय निवडताच ती शक्यता खाली येत असे, म्हणजे सुरीची शिफारस वाढत असे. २०२१ मध्ये त्यातून वंश वगळला गेला. सुरुवातीला सांगितलेले वाक्य असे यंत्रात जाऊन बसते आणि मग ते कुणी बोलत आहे, असेही वाटत नाही. शिवाय रुग्णालयाबाहेरची झीज कोणताही काटा भरून काढत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियातही मृत्यूंमधील एकूण तफावत मिटली नाही. नियम हवेत, ते नियम तपासणारे डोळे हवेत, आणि झीज थांबवणारा समाजही हवा.

मराठी वाचकाला या प्रश्नाशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ साली ‘दलित पँथर’ने नावच तिकडून घेतले. आमच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय साहित्य आणि दलित साहित्य यांचा तौलनिक अभ्यास होतो, प्रबंध लिहिले जातात. पण तिकडची वेदना आम्ही बहुधा संपलेल्या वेदनेसारखी शिकवतो: साखळदंड, चाबूक, मुक्ती, मग सौंदर्यशास्त्र. तिकडचा मातामृत्यू वंशवार मोजला जातो, म्हणून निदान त्यावर वाद तरी घालता येतो. आमच्याकडील नमुना नोंदणी पाहणीत मातामृत्यूचे प्रमाण राज्यवार छापले जाते, जातवार नाही. जे मोजलेच जात नाही त्यावर कोणते वाक्य तपासायचे?

मोजणेही कायमचे हाती असते असे नव्हे. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनाच त्यांचा अनुभव विचारणारी एक पाहणी अमेरिकेत १९८७ साली सुरू झाली; योगायोगाने जेकब्ज यांच्या पुस्तकाला त्यांचे नाव निर्विवादपणे परत मिळाले तेच हे वर्ष. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचारी-कपातीत या पाहणीचे काम पाहणाऱ्या चमूला रजेवर पाठवण्यात आले. दुसरीकडे, २०१७ ते २०१९ मधील गर्भारपणाशी निगडित मृत्यू एकेक करून तपासणाऱ्या समित्यांचा निष्कर्ष असा, की त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता आले असते आणि निम्म्याहून अधिक प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षभरात झाले. म्हणजे बाई घरी परतल्यावर, ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगायला पुष्कळ वेळ हाताशी असताना.

ते वाक्य तिचे स्वतःचे आहे, आणि त्याला प्रस्तावना लागू नये. साहित्याच्या वर्गात डग्लस आणि जेकब्ज शिकवताना त्यांच्या पुस्तकांना जोडलेली ती गोरी हमीपत्रे आपण तळटीप म्हणून ओलांडून जातो. यापुढे ती मूळ संहितेइतक्याच सावकाशीने वाचावीत, आणि शेजारी या वर्षीचे मातामृत्यूचे आकडे ठेवावेत, असे आम्ही सुचवतो.