निवेदनातील ‘मी’ आणि अभिनेत्री

एन्टोझाकी शांगे यांच्या ‘फॉर कलर्ड गर्ल्स’ (ब्रॉडवे, १९७६) या कृतीला लेखिकेने ‘कोरिओपोएम’, म्हणजे नृत्यकाव्य म्हटले. तिच्यातील सात कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रिया केवळ वेशाच्या रंगांवरून ओळखल्या जातात. ही कृती निव्वळ काव्यसंहिता म्हणून अभ्यासणे मला अपुरे वाटते. लाल वेशातील स्त्री क्रिस्टल नावाच्या आईची कहाणी तृतीयपुरुषी सांगत असते. प्रियकर दोन्ही मुले खिडकीबाहेर धरतो, तेव्हा निवेदनात ‘मी’ येतो. छापील पानावर हा सर्वनामाचा बदल, सहज निसटणारा. रंगमंचावर मात्र निवेदिकेचे शरीरच त्या आईचे होते. या भूमिकेसाठी ट्राझाना बेव्हर्ली यांना १९७७ चा टोनी पुरस्कार मिळाला (तो उगाच नव्हे!). अभिनेत्रीला संहितेची केवळ वाहक मानणारी आपली समीक्षा या ‘मी’चे श्रेय कोणाला देणार?