किनाऱ्याचा पैसा : लावणीला आहे, राखणीला नाही

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकले आणि दक्षिण रायगडातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने किनाऱ्याला समांतर जात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला झोडपले. दोन्ही वेळा पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. मात्र सरकारी भरपाईचा हिशेब हेक्टरी आणि कोकणातली वाडी गुंठ्यांची! त्यामुळे झाडनिहाय भरपाई द्या, अशी मागणी बागायतदारांना करावी लागली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात, हेही त्या हिशेबात कुठे बसत नव्हते.

आपत्ती येऊन गेल्यावर पैसे वाटण्यापेक्षा ती येण्याआधी काही खर्च करावा, हा विचार दिल्लीच्या तिजोरीपर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आपत्ती निधीतील २० टक्के रक्कम सौम्यीकरणासाठी, म्हणजे हानी कमी व्हावी यासाठीच्या उपायांकरिता राखून ठेवण्याची शिफारस केली. जमिनीची धूप रोखण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर दीड हजार कोटी रुपये आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी एक हजार कोटी रुपये सुचवले. नदीकाठ आणि समुद्रकिनारा या दोहोंसाठी मिळून ही रक्कम आहे, हे लक्षात घेतले तर तिचा आकार फार मोठा वाटत नाही. तरीही असा स्वतंत्र विचार झाला, हे महत्त्वाचे.

किनारा राखण्याचे दोन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. एक दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा. तो ठेकेदाराला मानवतो आणि उद्घाटनालाही सोयीचा असतो. पण अनेकदा लाटांचा मारा बंधाऱ्याच्या टोकापलीकडच्या किनाऱ्याकडे सरकतो. दुसरा मार्ग कांदळवनाचा. या दुसऱ्या मार्गासाठी अलीकडच्या काळात बऱ्यापैकी पैसा आला. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १३ कोटी डॉलर. म्हणजे दोनतृतीयांश भार आपल्याच सरकारांवर. ‘परदेशी मदत’ असा गाजावाजा होतो तेव्हा हे गणित सहसा सांगितले जात नाही. पुढे केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ‘मिष्टी’ योजना जाहीर केली. नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर कांदळवन, हे तिचे उद्दिष्ट. त्यासाठीचा पैसा प्रामुख्याने रोजगार हमी आणि भरपाई वनीकरणाच्या निधीतून एकत्र करायचा, असे ठरले.

खरी अडचण इथेच सुरू होते. अनुदानाला हिशेब द्यावा लागतो आणि हिशेबाला आकडा लागतो. किती हेक्टर, किती रोपे, हे आकडे लगेच मिळतात. परंतु कांदळवन हे रस्त्याकडेच्या वृक्षारोपणासारखे नसते. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत येऊन परत जायला हवे. जमिनीची पातळी आणि पाण्याचा खारेपणा जुळायला हवा. ते जुळले नाही तर चिखलात खोचलेली रोपे मरतात. ज्या दलदलीत पाणपक्षी चरतात तिथेच रोपे लावणे तर अनाठायीच. उलट, रस्त्याच्या भरावामुळे कोंडलेल्या खाडीला मोऱ्या काढून दिल्या, तर जवळपास मूळ झाडे असल्यास बिया वाहत येतात आणि बन आपोआप उभे राहते. असे काम स्वस्त असते. पण त्यात ‘लावलेल्या रोपांची संख्या’ शून्य येते. शून्याला अनुदान कोण देणार?

उपजीविकेच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव अधिक आशादायक आहे, हे मान्य केले पाहिजे. सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीने राबवलेल्या प्रकल्पातून खेकडापालन, कालवांची शेती असे प्रयोग झाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. राज्याने २०१७ मध्ये या अनुभवातून स्वतःची योजना आखली : गटांना ९० टक्के, व्यक्तींना ७५ टक्के अनुदान. झाडे उभी राहण्यात गावाचा रोकडा फायदा असला तर कुऱ्हाडीला गावच अटकाव करते, हे त्यामागचे साधे सूत्र. मात्र खेकड्यांचे बीज तामिळनाडूतून आणावे लागत असेल, तर पहिल्या वर्षीचे अनुदान संपल्यावर गटाने दुसऱ्या खेपेचे बीज कुठून आणायचे, याचे उत्तर योजनेच्या कागदावर सापडत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न अलिबाग-पेण पट्ट्यातील खारजमिनींचा आहे. समुद्र बाहेर ठेवून भातशेती करण्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या आणि त्यांची डागडुजी सामुदायिक श्रमाने केली. १९४८ चा आणि नंतर १९७९ चा खारभूमी कायदा आला, जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, आणि गावची जुनी व्यवस्था हळूहळू मोडली. खात्याकडे दुरुस्तीला पैसा अपुरा. बांध फुटतो, खारे पाणी शेतात शिरते, वर्ष-दोन वर्षे भात होत नाही आणि मग तिथे तिवरे उगवतात. एकदा तिवरे उगवली की ती तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन कांदळवनाला भक्कम संरक्षण दिले. ते योग्यच होते. मुंबईच्या खाड्यांवर भराव टाकणाऱ्यांना वेसण घालायला दुसरा उपाय नव्हता. पण त्याच निकालाच्या छायेत पेणचा शेतकरी सातबाऱ्यावर मालक आणि प्रत्यक्षात बेदखल, अशा स्थितीत सापडला. २०२३ च्या वनस्थिती अहवालात राज्याचे कांदळवन सुमारे ३१५ चौरस किलोमीटर नोंदले आहे. उपग्रहाच्या चित्रात राखलेले बन आणि बुडालेले शेत दोन्ही हिरवेच दिसतात.

या शेतकऱ्याला पीकनुकसानीची भरपाई मिळणे कठीण, कारण पीकच नाही. लागवडीचे अनुदान त्याच्यासाठी नाही, कारण झाडे आपोआप आली. बांध दुरुस्त करावा तर खारभूमी खात्याचा निधी आणि वन खात्याची परवानगी यांची सांगड बसत नाही. त्याच्या जमिनीवरचे बन मागच्या गावाचे वादळापासून रक्षण करते, याबद्दल अहवालांत दुमत नाही. मग त्या रक्षणापोटी जमिनीचे वार्षिक भाडे त्याला का देऊ नये? आणि जे बांध अजून शाबूत आहेत, त्यांची माती दर पावसाळ्यापूर्वी चढवण्यासाठी आणि उघाड्यांच्या झडपा बदलण्यासाठी सौम्यीकरण निधीतला ठरावीक हिस्सा थेट ग्रामपंचायतींच्या हाती का देऊ नये? प्रकल्पाच्या सहा वर्षांत न बसणारा, दरवर्षी थोडा थोडा लागणारा हा पैसा आहे. आणि आज त्यासाठी कोणत्याच योजनेत लेखाशीर्ष नाही.