शागिर्दाला हुनर द्या, हुनराचा कागदही द्या

आपल्या समाजाच्या हाती हुनर आहे. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, मुंबईतील जरीकाम, गावोगावची गॅरेजेस आणि शिंप्यांची दुकाने याची साक्ष देतात. हे हुनर बहुतेकांनी शाळेत नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली मिळविले. कुरआनातही अल्लाहने हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखत बनविण्याची विद्या शिकविल्याचा उल्लेख आहे. म्हणजे हाताचे काम शिकणे आणि शिकविणे ही कमीपणाची गोष्ट खचितच नाही.

परंतु आपली ही पद्धत आज कोणत्या अवस्थेत आहे? मुलगा गॅरेजवर येतो. पहिले वर्ष चहा आणण्यात आणि पाने पुसण्यात जाते. पुढे तो डोळ्यांनी पाहून जे उचलेल तेवढेच त्याचे शिक्षण. 'सगळे शिकविले तर उद्या समोरच दुकान टाकील' ही भीती उस्तादाच्या मनात असते. दहा वर्षांनी तो उत्तम कारागीर होतो, पण कंपनीत किंवा आखाती देशात नोकरी मागताना दाखवायला त्याच्याजवळ कागदाचा एक तुकडाही नसतो.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारीची मुदत किमान सात वर्षे ठरविली होती. तो नियम १८१४ मध्ये रद्द झाला, कारण बदलत्या उद्योगांना तो जाचक वाटू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेला नवख्या माणसांकडून झटपट काम करून घ्यायचे होते. तेथे १९४० साली कारखान्यांतील मुकादमांना 'शिकवावे कसे' हेच शिकविणारी योजना निघाली. तिच्या चार पायऱ्या होत्या : शिकणाऱ्याची मनाची तयारी करा, काम करून दाखवा व समजावून सांगा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवा. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून अधिक मुकादम त्यात तयार झाले. युद्धानंतर ही पद्धत जपानने उचलली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती जोपासली. या चार पायऱ्यांना ना इमारत लागते, ना भांडवल. त्या आपल्या दुकानातही चालतील.

आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे आपले मध्यम कारखानेही यात येऊ शकतात. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात शिंपी, सुतार, लोहार, गवंडी आहेत. यंत्रमाग कामगार आणि मोटार मेकॅनिक नाहीत. अशांसाठी आधीच अवगत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे. कोणता मार्ग आपल्या धंद्याला लागू पडतो, याची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी.

व्यापारी व कारखानदार बांधवांना आमची विनंती एवढीच आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नका. त्याची जागा शाळेत आहे आणि कायदाही तेच सांगतो. धोक्याच्या कामाला अठरा वर्षांखालील मुलगा नको. जो शागिर्द घ्याल, त्याला पहिल्याच दिवशी सांगा की किती दिवसांत काय शिकविणार आणि दरमहा काय देणार. शिकवून झाले की आपल्या लेटरहेडवर तसे लिहून द्या. त्या चिठ्ठीला सरकारी प्रमाणपत्राची किंमत नाही, पण परीक्षेला बसताना अनुभवाचा दाखला म्हणून ती उपयोगी पडू शकेल.

राहिली समोर दुकान टाकण्याची भीती. रोजी देणारा अल्लाह आहे, असे आपण मानतो. मग शागिर्दाला अर्धेच शिकवून त्याची दहा वर्षे अडविण्याचे कारण काय? ज्या उस्तादाचे शागिर्द चार गावी नाव काढतात, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुरून चालत येते.