तिसरी मराठीत, सहावी इंग्रजीत. मग कच्चे कोण?

शालेय चाचणीचे राष्ट्रीय निकाल जाहीर झाले की आपल्याकडे दोन दिवस चर्चा होते. राज्य कितव्या क्रमांकावर आले, जिल्हा वर गेला की खाली घसरला, एवढे पाहिले जाते आणि तिसऱ्या दिवशी विषय मिटतो. पेडणे व डिचोली तालुक्यांतील पालकवर्गाने मात्र तो इतक्या सहज मिटू देऊ नये, असे आम्हाला वाटते. आपल्या मुलांच्या बाबतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट या निकालांच्या तक्त्यात दिसतच नाही.

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झाले. ७४,२२९ शाळांतील २१,१५,०२२ विद्यार्थी त्यात बसले. इयत्ता होत्या तिसरी, सहावी आणि नववी. देशाचा निकाल काय सांगतो? तिसरीच्या शंभरांतील ५५ मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीत दहापर्यंतचे पाढे आणि बेरीज-गुणाकाराचे व्यवहार नीट जमणारी मुले शंभरांत ५३. म्हणजे गणिताचे दुखणे एकट्या गोव्याचे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पण आमच्या दोन तालुक्यांत या दुखण्याला आणखी एक फाटा आहे, आणि तो भाषेचा आहे.

या चाचणीची प्रश्नपुस्तिका शाळेच्या माध्यमाच्या भाषेत मिळते. तोरशाच्या किंवा साळच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतले मूल तिसरीत असताना मराठीतून प्रश्न सोडवते. गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मूल हायस्कुलात जाते आणि बहुतेक हायस्कुले इंग्रजी माध्यमाची आहेत. सहावीत त्याच मुलापुढे पुस्तिका येते ती इंग्रजी. ही सहावीची चाचणी तिसरी ते पाचवी या टप्प्यात काय शिकले, ते मोजण्यासाठी घेतली जाते. त्या तीन वर्षांपैकी दोन वर्षे मूल मराठीत शिकले, आणि हिशेब मात्र मागितला इंग्रजीत. हा निकाल गणिताचा धरावा की भाषेचा?

उदाहरण साधे आहे. चौथीच्या मुलाला ‘बाकी किती उरले?’ असे विचारले की ते वजाबाकी करते. वर्षभराने ‘रिमेनिंग’ शब्द वाचून ते थबकते. अंश-छेद येणाऱ्याला ‘न्यूमरेटर-डिनॉमिनेटर’ नवे असतात. लसावि-मसाविची नावे बदलतात, समभुज त्रिकोणाचे नाव बदलते. मुलाला गणित येत असते, प्रश्न कळत नसतो. शिक्षक त्याला ‘कच्चा’ ठरवतात, घरी बापही तेच म्हणतो, आणि दोष जाऊन बसतो गावच्या मराठी शाळेवर.

तेरेखोल ओलांडून पलीकडे आरोंद्याला पाहा. तिथले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी हायस्कुलात जाते आणि दहावीपर्यंत गणिताची भाषा तीच राहते. तिसरीचा आणि सहावीचा निकाल शेजारी ठेवला तर तुलना निदान सरळ होते. घरची बोली दोन्ही काठांवर जवळपास सारखीच. पाचवीची पायरी मात्र एकाच काठावर आहे.

ही पायरी कोणी एका दिवसात बांधलेली नाही. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला व मराठीच्या सरकारी वापराची तरतूद केली. १९९० साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर असताना प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचा निर्णय झाला आणि २०१२ नंतरच्या सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचे अनुदान चालू ठेवले. या साऱ्या काळात वाद झाले ते पहिली ते चौथीच्या माध्यमावरून. पाचवीला मुलांचे काय होते, हा प्रश्न कोणत्याच पक्षाने मनावर घेतला नाही.

त्याचा परिणाम समोर आहे. ‘पाचवीला इंग्रजीच आहे, मग पहिलीपासूनच का नको?’ असे पालक विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही, त्याला व्यवस्थेने उत्तर दिलेले नाही. पालक मूल इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात, गावची शाळा पाच-दहा मुलांवर येते, आणि मग पट कमी म्हणून तिचे विलीनीकरण निघते. युनेस्कोने १९५३ सालीच सांगितले होते की मुलाचे शिक्षण मातृभाषेतून सुरू व्हावे आणि शक्य तितके पुढे न्यावे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तर शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी म्हणते. आपल्याकडे ती साथ नेमकी पाचवीच्या उंबरठ्यावर सुटते.

दुसरी अडचण मोजणीची. हे सर्वेक्षण निवडक शाळांचे असते आणि निकाल जिल्ह्याचा लागतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, बारदेश आणि तिसवाडी हे सारे उत्तर गोव्याच्या एकाच सरासरीत. पणजी-म्हापशाच्या मोठ्या शाळा आणि लाटंबार्शाची दोन शिक्षकी शाळा यांची सरासरी काढून कोणाचे भले होणार? सरासरीने दुखणे झाकते, बरे होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, शिक्षण खात्याने तालुकावार व माध्यमवार निकाल काढून जाहीर करावेत. दुसरी, पाचवीचे पहिले सहामाही सत्र गणित व परिसर अभ्यासासाठी दुभाषी ठेवावे. मराठी आणि कोकणी शाळांतून आलेल्या मुलांच्या हाती दोन्ही भाषांतील संज्ञांची छोटी पुस्तिका द्यावी आणि प्रश्न दोन्ही भाषांत छापावेत. कोकणी माध्यमातल्या मुलाचीही अडचण हीच आहे, तेव्हा यात भाषावाद आणण्याचे कारण नाही. तिसरी, प्राथमिक शाळेत इंग्रजी हा विषय म्हणून नीट शिकवावा. त्यासाठी माध्यम बदलावे लागत नाही, शिक्षक पुरे लागतात.

पालकांनाही एक गोष्ट करता येईल. ‘असर’ या सर्वेक्षणाचे लोक मुलाच्या घरी जाऊन त्याच्याकडून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. हे घरी कोणालाही जमते. तिसरीतल्या मुलापुढे दुसरीचे पुस्तक ठेवा. ते न अडखळता वाचत असेल आणि हातच्याची वजाबाकी करत असेल, तर गावच्या शाळेने आपले काम केले आहे. ते जमत नसेल तर शाळेत जाऊन जरूर जाब विचारा. पण सहावीत अडलेल्या मुलाबद्दल जाब विचारायचा तो पाचवीची पायरी बांधून विसरलेल्यांना.