साध्या सैनिकाचे पत्र

इतिहासाचे पुस्तक उघडले, की लढायांची नावे, सनावळ्या आणि सेनापती आपल्याला भेटतात. कोण जिंकला, कोण हरला, कोणता तह झाला, हे आपण पाठ करतो. पण प्रत्यक्ष रणांगणावर लढला तो साधा सैनिक. त्याचे नाव बहुधा कोठेच सापडत नाही. मला वाटते, त्याची हकिकत कळल्याशिवाय युद्धाचा इतिहास पुरा होत नाही.

पहिल्या महायुद्धाचे उदाहरण घेऊ. हे युद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली. युद्धात सुमारे ७४,००० हिंदी सैनिक मरण पावले. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले होती.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैनिक फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले. त्यांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते. पुढे कडाक्याची थंडी पडली. चिखलाने भरलेल्या खंदकांत त्यांना दिवस काढावे लागले.

अशा वेळी त्यांना घराची आठवण येई. पुष्कळांना लिहितावाचता येत नसे. मग ते एखाद्या साथीदाराकडून पत्र लिहवून घेत. यांतील अनेक पत्रे उर्दूत होती. सैन्यात असंतोष तर पसरत नाही ना, हे पाहण्यासाठी सरकारी अधिकारी ती पत्रे वाचत. सैनिकांनाही हे ठाऊक होते. म्हणून ते खुणेच्या भाषेत लिहीत. काळी मिरी संपली आहे आणि आता लाल मिरची वापरत आहेत, असे एकाने लिहिले. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक! केवढे दुःख त्याने एका साध्या वाक्यात सांगितले!

अधिकाऱ्यांनी अशा पत्रांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवले. ते आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. संशयापोटी वाचलेली पत्रे अशा रीतीने इतिहासाचा ठेवा बनली.

कोणी म्हणेल, "युद्धाचा निर्णय राजे आणि सेनापती घेतात. मग त्यांचीच नावे इतिहासात येणार." हे खरे आहे. पण त्या निर्णयाची किंमत कोण मोजतो? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्या काळी सरकारने अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. गावातून किती जण युद्धावर गेले आणि किती कामी आले, एवढेच त्यांवर कोरलेले असे. पाटीवर आकडा राहिला. माणूस मात्र दिसेनासा झाला. पण त्या आकड्यातला प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा, भाऊ किंवा बाप होता.

सेनापतींची नावे जरूर लक्षात ठेवावीत. त्याबरोबर साध्या सैनिकाचीही आठवण ठेवावी. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील कोणी फौजेत होते काय? वडीलधाऱ्यांना विचारा. एखाद्या जुन्या पेटीत त्यांचे पत्र सापडले, तर ते जपून ठेवा. युद्ध म्हणजे काय, हे विजयाच्या वर्णनापेक्षा ते पत्र अधिक खरेपणाने सांगेल.